न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

क्वांटम भौतिकी शिकवताना पहिल्या तासाला मी फळ्यावर समीकरण लिहीत नाही. खेळ मांडते. दोन खेळाडू एका संघात आणि एक पंच. पंच दोन नाणी उडवतो. एकाचा निकाल चिठ्ठीवर लिहून पहिल्या खेळाडूला पाठवतो, दुसऱ्याचा दुसऱ्याला. खेळाडू वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले. आपल्याला काय आलं ते कळतं, जोडीदाराला काय आलं ते नाही. चिठ्ठी वाचून प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहून द्यायचं. दोघांनाही काटा आला असेल तर उत्तरं वेगळी हवीत, इतर सगळ्या वेळी सारखी हवीत. हार-जीत दोघांची मिळून. आधी हवी तेवढी खलबतं करा. एकदा खोलीत शिरलात की बोलणं बंद.

भौतिकशास्त्रात याला सीएचएसएच खेळ म्हणतात. क्लॉजर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी १९६९ साली मांडलेली असमानता या खेळाच्या पोटात दडलेली आहे, म्हणून त्यांची आद्याक्षरं. ती मुळात प्रयोगासाठी मांडलेली होती. तिला खेळाचं रूप पुढे संगणकशास्त्रातल्या लोकांनी दिलं, आणि माझ्यासारख्या शिक्षकांची मोठी सोय झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकवते. एकेक फोटॉन टिपणारे डिटेक्टर आमच्याकडे नाहीत. व्हरांड्याच्या एका टोकाला भौतिकीची लॅब, दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्सची खोली आणि मध्ये चिठ्ठ्या पोचवणारे लॅबचे मामा, एवढ्यावर हा खेळ होतो.

पहिल्या फेऱ्यांना मुलं हसतात, कारण युक्ती लगेच सापडते. दोघांनीही डोळे मिटून 'हो' म्हणायचं. चारांपैकी तीन वेळा जिंकणार, फक्त काटा-काटा आला की हरणार. म्हणजे ७५ टक्के. मग चढाओढ सुरू होते. कोणी म्हणतं, काटा आला तर तू 'नाही' म्हण, मी 'हो' म्हणतो. कोणी फेरीचा क्रमांक सम की विषम यावर उत्तर बदलतं. एक जोडी तर पानभर तक्ता करून आत गेली होती. बाहेर आल्यावर सगळ्यांची बेरीज पंचाहत्तरच्या आसपास किंवा त्याच्या खाली.

असं का होतं, ते मी त्यांनाच शोधायला सांगते. कुठलीही योजना घ्या, शेवटी ती चार उत्तरांची यादी असते: पहिल्याने छाप्याला काय म्हणायचं, काट्याला काय; दुसऱ्याने छाप्याला काय, काट्याला काय. आता अटी लावून पाहा. छापा-छापा आला तर पहिल्याचं छाप्याचं उत्तर आणि दुसऱ्याचं छाप्याचं उत्तर एकच हवं. छापा-काटा आला तर पहिल्याचं छाप्याचं आणि दुसऱ्याचं काट्याचं एकच हवं. काटा-छापा आला तर पहिल्याचं काट्याचं आणि दुसऱ्याचं छाप्याचं एकच हवं. तिन्ही अटी पाळल्या की चारही उत्तरं एकच होऊन बसली. मग काटा-काट्याला ती वेगळी कुठून आणायची? चौथी अट पाळायला गेलं की आधीच्या तिनांपैकी एक मोडते. ऐनवेळी नाणं उडवून योजना निवडली तरी फरक पडत नाही, कारण ज्या योजनांतून निवड करणार त्यांतली एकही पंचाहत्तरच्या वर नाही.

या सिद्धतेत भौतिकशास्त्राचा एक शब्दही नाही, आणि तेच मुलांना खटकायला हवं असतं. ७५ ही मर्यादा कणांची नाही, प्रकाशाची नाही, यंत्रांची नाही. प्रत्येक संभाव्य प्रश्नाचं उत्तर ज्याने आधीच तयार ठेवलंय, अशा कोणाचीही ती मर्यादा आहे. आमची मुलं गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच वाचत इथवर आलेली. तयारी म्हणजे विचारला जाऊ शकेल अशा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खिशात असणं, ही त्यांची पक्की समजूत. खरं तर माझीही तीच होती. या खेळात तशी तयारी कितीही परिपूर्ण असली तरी पंचाहत्तरच्या पुढे जात नाही, हे पचायला वेळ लागतो.

मग मुलं जे करायचं ते करतात. कॉपी.

त्यांना मी थांबवत नाही, कारण या विषयाचा अर्ध्या शतकाचा इतिहास त्या लबाड्यांमधून उलगडतो. पहिली लबाडी खोकल्याची. काटा आला की जोरात खोकायचं, दार आपटायचं. खोकला बंद केला तर उत्तर द्यायला मुद्दाम उशीर लावायचा. मामा परत यायला किती वेळ लागला यावरून पलीकडच्याला अंदाज येतो. दुसरी लबाडी अधिक हुशारीची. एका मुलीला काट्याची चिठ्ठी आली की ती म्हणायची, "मॅडम, अक्षर लागत नाही, ही फेरी सोडून द्या." दोघंही कायम 'हो' म्हणत असतील तर हार फक्त काटा-काट्याला होते. तिने आपल्या काट्याच्या सगळ्याच फेऱ्या गाळल्या, आणि उरलेल्या सगळ्या फेऱ्यांत जोडी शंभर टक्के जिंकली. तिसरी लबाडी पंचालाच फोडण्याची. पंच होस्टेलचा मित्र असला की कुठल्या फेरीला काय येणार हे आधीच ठरलेलं असतं.

या तिन्ही पळवाटा खऱ्या प्रयोगांनाही छळत होत्या. १९६४ साली जॉन बेलने दाखवून दिलं होतं की आधीच ठरलेल्या उत्तरांवर चालणारा निसर्ग आणि क्वांटम सिद्धान्ताने वर्तवलेला निसर्ग यांची भाकितं वेगळी निघतात, आणि तो फरक मोजता येतो. १९७२ साली बर्कलीत जॉन क्लॉजर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनच्या जोड्यांवर तो मोजला, आणि कौल क्वांटमच्या बाजूने लागला. पण फोटॉनला प्रश्न विचारणारे त्यांचे ध्रुवक आधीच एका दिशेला लावून ठेवलेले असत. म्हणजे प्रश्न काय येणार हे दुसऱ्या टोकाला आधीच 'ऐकू जाण्याची' शक्यता उरत होती. १९८२ साली पॅरिसजवळच्या ऑर्से इथे अलँ आस्पे यांच्या गटाने फोटॉन वाटेत असतानाच मोजमापाची दिशा बदलली. दोन्ही टोकांत अंतर होतं सुमारे १२ मीटर. १९९८ साली इन्सब्रुकमध्ये झायलिंगर यांच्या गटाने ते ४०० मीटरवर नेलं आणि प्रश्न खरोखर यादृच्छिक निवडले. तरी 'अक्षर लागत नाही' ही तक्रार शिल्लक होतीच. बहुतेक फोटॉन डिटेक्टरला सापडतच नसत, आणि सापडलेल्यांवरून न सापडलेल्यांबद्दल बोलावं लागे.

दोन्ही पळवाटा एकाच वेळी बंद झाल्या त्या २०१५ साली, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला. विद्यापीठाच्या आवारात १.३ किलोमीटर अंतरावर दोन हिरे ठेवले होते. प्रत्येक हिऱ्याच्या जाळीत एक दोष: कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा. त्या दोषातला इलेक्ट्रॉन हा खेळाडू. १.३ किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ४.३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत प्रश्न निवडून, विचारून, उत्तर नोंदवून मोकळं व्हायचं, म्हणजे खोकला ऐकू जायचा प्रश्नच नाही. आणि एकदा प्रश्न विचारला की उत्तर हवंच, फेरी सोडायची सवलत नाही. २२० तासांच्या मोजणीत जेमतेम २४५ फेऱ्या झाल्या, म्हणजे तासाला एक-सव्वा. त्यांतल्या साधारण ८० टक्के फेऱ्या हिऱ्यांनी जिंकल्या. त्याच वर्षी व्हिएन्नात आणि अमेरिकेतल्या बोल्डरला फोटॉनवर तसेच प्रयोग झाले आणि तोच निकाल आला. पंच फुटल्याची शंका मात्र काही जणांच्या मनात राहिली. तिच्यासाठी ३० नोव्हेंबर २०१६ रोजी जगभरातल्या सुमारे एक लाख लोकांनी ऑनलाइन खेळ खेळत शून्य आणि एक ही बटणं दाबली, आणि त्यांच्या लहरीवरून अनेक खंडांतल्या प्रयोगशाळांत प्रश्न निवडले गेले. पंच म्हणून एक लाख अनोळखी माणसं! २०२२ सालचं नोबेल आस्पे, क्लॉजर आणि झायलिंगर यांना मिळालं, तेव्हा मुलांना ही नावं नवीन नव्हती. त्यांच्या लेखी ही कॉपी पकडणारी माणसं होती.

आमचा व्हरांडा तीसेक मीटरचा. प्रकाश तो सेकंदाच्या एक कोट्यंशात ओलांडतो, आणि मामांना दीड मिनिट लागतं. त्यामुळे आमच्याकडे कॉपी थांबवायची ती फक्त नजरेच्या धाकाने.

हिरे ७५ ची मर्यादा ओलांडतात कशी, याचं गणित फोटॉनवर सांगितलं तर बारावीच्या त्रिकोणमितीत बसतं. दोन्ही खेळाडूंकडे गुंफलेल्या जोडीतला एकेक फोटॉन असतो. ध्रुवक एकाच कोनात लावले तर दोघांची उत्तरं नेहमी सारखी येतात. कोनांत फरक असेल तर सारखी येण्याची शक्यता त्या फरकाच्या कोसाइनच्या वर्गाइतकी. पहिला खेळाडू छापा आल्यावर ध्रुवक ० अंशावर लावतो, काटा आल्यावर ४५ वर. दुसरा छाप्याला २२.५ अंशावर, काट्याला उणे २२.५ वर. आता वजाबाकी करा. पहिल्या तिन्ही प्रसंगांत फरक २२.५ अंश, म्हणून सारखी उत्तरं येण्याची शक्यता ८५.३६ टक्के. काटा-काट्याला फरक ६७.५ अंश, म्हणून वेगळी उत्तरं येण्याची शक्यताही नेमकी ८५.३६ टक्के. चार अटी एकमेकींशी भांडत होत्या, त्यांच्यात तोटा समसमान वाटून दिला गेला. हे उदाहरण फळ्यावर पुरं होतं तेव्हा वर्ग काही क्षण गप्प असतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो.

"मॅडम, म्हणजे पुण्यातल्या भावाला फोन न करता निरोप देता येईल?"

नाही. मी उत्तरांच्या वह्या मागवते. एका खेळाडूची वही एकटी वाचली तर तिच्यात काय दिसतं? हो, नाही, नाही, हो, अर्धे हे आणि अर्धे ते. जोडीदाराला छापा आला होता की काटा, याचा मागमूससुद्धा नाही. जुळणी दिसते ती दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि त्या शेजारी आणायला कुणीतरी व्हरांडा चालून यावं लागतं. निरोप गेलेला नाही, पण उत्तरं अशी जुळली आहेत की आधी ठरवून ती तशी जुळवता आली नसती. पहिलं समजलं आणि दुसरं निसटलं, तर मुलं म्हणतात, "मग यात विशेष ते काय?" दुसरं समजलं आणि पहिलं निसटलं, तर ती फोनच्या मागे लागतात. दोन्ही एकत्र धरायला शिकवणं, हीच या विषयातली माझी खरी नोकरी.

'यात विशेष काय' म्हणणाऱ्यांसाठी बेलनेच एक उदाहरण देऊन ठेवलं आहे. राइनहोल्ड बर्टलमन हा त्याचा सहकारी दोन पायांत कायम वेगळ्या रंगांचे मोजे घालायचा. एका पायात गुलाबी दिसला की दुसऱ्यात गुलाबी नाही, हे न बघता कळायचं. १९८१ साली बेलने त्या मोज्यांवरून एक लेख लिहिला. मोज्यांत गूढ काही नाही, कारण रंग सकाळीच ठरलेला असतो. पण मोजे हा खेळ ७५ टक्क्यांच्या वर जिंकू शकत नाहीत. ज्याचा रंग सकाळीच ठरला आहे, असं काहीही तेवढं जिंकू शकत नाही.

हे टक्क्यांचं प्रकरण ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे एक चौकोन आहे. डेव्हिड मर्मिन आणि अॅशर पेरेस यांनी १९९० साली मांडलेल्या कल्पनेतून आलेला. तीन बाय तीनची नऊ घरं. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. प्रत्येक आडव्या ओळीत एकची संख्या सम हवी, प्रत्येक उभ्या रकान्यात विषम. भरा. मुलं वर्तमानपत्रातल्या सुडोकूच्या सरावाने तुटून पडतात. आठ घरं जमतात, नवव्याशी येऊन अडतं. खोडरबराचा कचरा बाकावर साठायला लागल्यावर कुणीतरी ओरडतं, "होणारच नाही!" आणि तेच बरोबर असतं. ओळींनी मोजलं तर एकची एकूण संख्या तीन समांची बेरीज, म्हणजे सम. रकान्यांनी मोजलं तर तीन विषमांची बेरीज, म्हणजे विषम. एकच संख्या सम आणि विषम कशी असेल? असा भरलेला चौकोन असूच शकत नाही.

आता खेळ. पंच पहिल्या खेळाडूला एका ओळीचा क्रमांक सांगतो. त्याने त्या ओळीची तीन घरं भरायची, एकची संख्या सम ठेवून. दुसऱ्याला रकान्याचा क्रमांक; त्याने विषम ठेवून भरायची. ओळ आणि रकाना जिथे छेदतात त्या घरात दोघांनी एकच आकडा लिहिला असला पाहिजे. आधी ठरवून जाणारे खेळाडू ९ पैकी ८ वेळाच जिंकू शकतात, कारण त्यांच्या चौकोनात कुठेतरी एक घर फाटलेलं असणारच. गुंफलेल्या क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम बिटच्या, दोन जोड्या जवळ असलेले खेळाडू दर वेळी जिंकतात. कुठलीही ओळ विचारा, कुठलाही रकाना विचारा, शंभर टक्के.

चौकोन नाही, आणि तरी त्याची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक रकाना विचारताक्षणी बरोबर मिळतो. या विषयात मला जे सांगायचं आहे ते सगळं या वाक्यात आहे. पूर्ण भरलेला चौकोन म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं. क्वांटम खेळाडू जिंकतात, कारण ती त्यांनी बाळगलेलीच नसतात. पेरेसने १९७८ साली एका लेखाला शीर्षकच दिलं होतं: न केलेल्या प्रयोगांना निकाल नसतात.

आमच्या स्टाफरूममध्ये संख्याशास्त्राचे एक ज्येष्ठ सर आहेत. त्यांना हे मान्य नाही. "मॅडम, उत्तर असतंच. आपल्याला माहीत नसतं, एवढंच. झाकलेल्या डब्यात लाडू किती हे मला ठाऊक नाही, म्हणून डब्यात लाडूच नाहीत असं कसं म्हणता?" सरांचा पक्ष कच्चा नाही. आइन्स्टाइनने पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह १९३५ साली साधारण तोच मांडला होता. मी त्यांना सांगते, सर, लाडू डब्यात आहेत असं तुम्हाला म्हणता येईल, पण मग इथल्या डब्यातले लाडू तिथला डबा कसा उघडला यावर अवलंबून असतात, हेही पत्करावं लागेल. डेव्हिड बोमने १९५२ साली तसा सिद्धान्त मांडलाय, आणि बेलला तो आवडायचा. म्हणता येत नाही ते एवढंच, की प्रत्येकाचं उत्तर त्याच्यापाशी, दूरच्या प्रश्नाशी काही संबंध न ठेवता, आधीपासून तयार होतं. सर हसून म्हणतात, "म्हणजे लाडू कुठल्यातरी बाजूने हातचे जाणारच." तेवढ्यावर आमचा चहा संपतो.

२०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाल्यापासून शिक्षकांच्या कार्यशाळांना मला बऱ्याचदा बोलावणं येतं. तिथे प्रश्नोत्तरांत हटकून दोन माणसं उभी राहतात. एक म्हणतात, दोन मनं अशीच जुळलेली असतात, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. दुसऱ्यांनी टेलिपथीवरचा एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. मी वाद घालत नाही, दोन नाणी काढते. ज्यांची मनं जुळली आहेत त्यांनी पंचाहत्तरच्या वर जाऊन दाखवावं, खोकल्याशिवाय. खेळाचा हा गुण मला फार उपयोगी वाटतो. पंचाला खेळाडूंच्या आत काय आहे हे जाणून घ्यायची गरज नसते. तो फक्त गुण मोजतो. आणि खरी टेलिपथी असती तर शंभर टक्के गुण मिळाले असते. निसर्ग मात्र ८५.३६ वर थांबतो. त्याच्यावर जाता येत नाही हे १९८० साली लेनिनग्राडच्या बोरिस सिरेलसनने सिद्ध केलं. १९९४ साली सँडू पोपेस्कू आणि डॅनियल रोरलिच यांनी विचारलं: निरोप न पाठवता शंभर टक्के जिंकणारी यंत्रं कल्पनेत तरी मांडता येतात, मग निसर्गाने ती का बनवली नाहीत? तशी यंत्रं असती तर दोन ठिकाणी विभागलेली कितीही गुंतागुंतीची माहिती घेऊन हो-नाहीचा कुठलाही हिशेब एका बिटच्या निरोपात सुटला असता, हे विम व्हान डॅमने दाखवलं. तेवढी फुकटेगिरी निसर्गाला मंजूर नसावी, असं मानायला जागा आहे. शेवटचा शब्द मात्र अजून कुणी बोललेला नाही.

आता कॉलेजातल्या मुलांना यातलं थोडं हाताने करता येतं. २०१६ साली आयबीएमने पाच क्यूबिटचं यंत्र इंटरनेटवर खुलं केलं, आणि त्यानंतर अशी सोय वाढत गेली. दोन क्यूबिट गुंफायचे, वर सांगितलेल्या कोनांत फिरवायचे, मोजायचे. सर्किट फळ्याच्या एका कोपऱ्यात मावतं. आमच्या कॉम्प्युटर लॅबमधून काम रांगेत लागतं आणि निकाल येतो: पंचाहत्तरच्या वर, पंच्याऐंशीच्या थोडा खाली. मधला फरक यंत्रातल्या गोंगाटाचा. मुलं टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. मग एखादा मुलगा हात वर करतो आणि म्हणतो, "पण हे दोन क्यूबिट एकाच चिपवर आहेत, यांना खोकला ऐकू येत असेल." त्या दिवशी माझा पगार वसूल होतो. हा डेल्फ्टसारखा पुरावा नव्हे, तो सिद्धान्त यंत्रावर चालवून पाहण्याचा सराव आहे, हे आता मला सांगावं लागत नाही.

याचा उपयोग काय, हा प्रश्न पालकसभेत येतो आणि तो विचारायचा हक्क पालकांना आहे. उत्तर देताना मी मुलांचाच शब्द वापरते, पेपरफुटी. आपल्याकडे पेपर फुटतो, कारण तो परीक्षेच्या आधी कुठेतरी छापून ठेवलेला असतो. जे आधीपासून आहे ते चोरता येतं. गुप्त संदेशाच्या किल्लीचंही तसंच. पण या खेळात खेळाडूंचे गुण पुरेसे वर गेले, तर त्याचा अर्थ उत्तरं आधी कुठे लिहून ठेवलेली नव्हती, यंत्राच्या आत नाही आणि यंत्र विकणाऱ्याच्या वहीतही नाही. मग फुटणार काय? आर्टर एकर्टने १९९१ साली ही दिशा दाखवली. २०२२ साली ऑक्सफर्डमध्ये दोन मीटर अंतरावरच्या स्ट्राँशियमच्या दोन आयनांनी हा खेळ खेळून ९५,६२८ बिटांची किल्ली तयार केली. यंत्र आतून कसं चालतं यावर विश्वास ठेवायची गरज न पडता, केवळ गुणांच्या जोरावर. त्याच वर्षी म्युनिकच्या गटाने ४०० मीटरवरच्या अणूंवर तशी पद्धत चालवून दाखवली. व्यवहारात यायला अजून बरीच वाट आहे, पण 'उत्तर आधी नव्हतं' ही तत्त्वज्ञानातली वाटणारी गोष्ट इथे कुलपाच्या कामाला येते.

तयारी या गोष्टीबद्दल माझं मतही या विषयाने थोडं हलवलं. क्वांटम खेळाडू तयारीशिवाय खोलीत जात नाहीत. उलट त्यांची तयारी अधिक कष्टाची असते: जोडी गुंफायची, ती खोलीपर्यंत न बिघडता न्यायची, कोन अचूक ठरवायचे. ते फक्त उत्तरं नेत नाहीत. कणांवरून माणसांचे धडे काढण्याची मला भीती वाटते, त्यामुळे हे मी वर्गात बोलत नाही. पण तोंडी परीक्षेला आता मी नेहमीचे प्रश्न कमी विचारते. चौकोनाचा नियम बदलते, एखादी अट उलटवते, आणि मूल कुठून हात घालतं ते बघते.

प्रोजेक्टसाठी मुलांना मी स्वतःचा खेळ बनवायला सांगते. तीन नाणी घ्या, तिसरा खेळाडू घ्या, अटी बदला. मग आधी ठरवून खेळणाऱ्यांची मर्यादा काढा आणि क्वांटमची काढा. पहिली सोपी आहे: लहान खेळ असेल तर सगळ्या योजना संगणकाने एकामागून एक तपासायच्या. दुसरी अवघड. खालून चांगल्या युक्त्या शोधत वर जायचं आणि वरून मर्यादा आवळत खाली यायचं; वरून आवळण्याची एक पद्धत नवास्कुएस, पिरोनियो आणि अॅसिन यांनी २००७ साली दिली आहे. कधी दोन्ही आकडे मिळतात, कधी मध्ये फट राहते. जानेवारी २०२० मध्ये झेंगफेंग जी, आनंद नटराजन, थॉमस विडिक, जॉन राइट आणि हेन्री युएन यांनी दीडशेहून अधिक पानांच्या निबंधात दाखवलं की ती फट कायम राहू शकते: कुठलाही असा खेळ दिला असता गुंफलेले खेळाडू तो कायम जिंकू शकतील की निम्म्याहून जास्त वेळा कधीच जिंकणार नाहीत, एवढंसुद्धा दर वेळी ठरवून देईल असा संगणक-प्रोग्रॅम असूच शकत नाही. सिरेलसन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना प्रश्न त्यातून निकाली निघाला, आणि त्याच महिन्यात त्यांचं निधन झालं.

गेल्या तुकडीतल्या एका मुलीने आपला खेळ आणून दाखवला आणि विचारलं, "याची क्वांटम मर्यादा किती, मॅडम?" मला ठाऊक नव्हती, पुस्तकात असण्याची शक्यता नव्हती, आणि खेळ पुरेसा मोठा असता तर कदाचित कुठल्याच यंत्राने ती सांगितली नसती. तिचा खेळ लहान होता. आम्ही खुर्च्या ओढल्या आणि अटी मांडायला बसलो.